शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर

खेळता खेळता पडून ज्याचा गुडघा फुटला नाही, असा मुलगा विरळाच. जखम लहान असली, तर ती धुऊन पट्टी बांधली म्हणजे काम भागते; मोठी असली, तर डॉक्टर तिला टाके घालतात. मग आठ-दहा दिवस ती जपावी लागते, पुढे टाके काढले जातात आणि कालांतराने त्या जागी एक पुसट रेघ तेवढी उरते. हे सारे आज आपल्याला इतके नित्याचे वाटते, की त्यात विशेष काही आहे, असे आपल्या मनातही येत नाही.

परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी स्थिती नव्हती. त्या काळी पायाचे हाड मोडून कातडीबाहेर आले, म्हणजे बहुधा तो पाय कापून टाकावा लागे. आणि पाय कापला, तरी रोगी वाचेल असा भरवसा नसे. जखम शिवण्याची विद्या माणसाला अवगत नव्हती, असे मात्र नाही. आपल्याकडील प्राचीन सुश्रुतसंहितेत जखमा शिवण्याच्या निरनिराळ्या रीती सांगितल्या आहेत. युरोपातील शस्त्रवैद्यही टाके घालण्यात निष्णात होते. न उलगडलेले कोडे होते ते वेगळेच. नीट शिवलेली जखम पुढे सडते का, आणि ती सडू नये म्हणून काय करावे? या कोड्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या शस्त्रवैद्याचे नाव जोसेफ लिस्टर.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमध्ये, लंडन शहराजवळील अप्टन या गावी झाला. त्यांचे घराणे क्वेकर पंथाचे होते. साधा पोशाख, साधे बोलणे, सत्याची चाड आणि कामात सचोटी, ही या पंथाची शिकवण. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर हे मद्याचे व्यापारी. पण त्यांचे मन रमे ते सूक्ष्मदर्शक यंत्रात. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंच्या कडांना रंगीत झालर दिसे आणि आकृती अस्पष्ट होई. व्यापार सांभाळून त्यांनी भिंगांचा अभ्यास केला आणि हा दोष पुष्कळसा दूर केला. या कामाबद्दल विद्वानांत त्यांना मोठा मान मिळाला. अशा घरात वाढणाऱ्या जोसेफला डोळ्यांना न दिसणाऱ्या सृष्टीची ओळख बालपणीच झाली. तो प्राण्यांचे सांगाडे जुळवी, पाहिलेल्या वस्तूंची चित्रे काढी आणि शस्त्रवैद्य होण्याचा मनोदय घरात बोलून दाखवी. त्याची जीभ थोडी अडखळत असे. परंतु हात स्थिर होते आणि दृष्टी बारकाईने पाहणारी होती.

ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची दारे त्या काळी क्वेकर विद्यार्थ्यांना मोकळी नव्हती. म्हणून लिस्टर यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतले. ते तेथे शिकत असतानाच, १८४६ च्या डिसेंबरात, रॉबर्ट लिस्टन या नामांकित शस्त्रवैद्याने त्या कॉलेजच्या रुग्णालयात रोग्याला ईथर हुंगवून, बेशुद्ध अवस्थेत त्याचा पाय कापला. रोग्याला वेदना जाणवल्या नाहीत. वैद्यकाच्या इतिहासातील ही मोठी घटना होय. तोपर्यंत रोग्याला धरून ठेवून, दोन-तीन मिनिटांत शस्त्रक्रिया उरकावी लागे. आता शस्त्रवैद्याला सावकाश काम करण्यास सवड मिळाली आणि अधिक अवघड शस्त्रक्रिया होऊ लागल्या.

वेदनेवर अशी मात झाली खरी. तथापि मृत्यूवर झाली नाही. शस्त्रक्रिया वाढल्या, तसे जखमा सडून मरणारे रोगीही वाढले. शस्त्रक्रिया उत्तम पार पडे. पहिला दिवस बरा जाई. मग जखमेच्या कडा लाल होत, सुजत, रोग्याला थंडी वाजून ताप भरे आणि टाक्यांमधून पू वाहू लागे. कोणाला धावरे होई, कोणाच्या जखमेतील मांस सडे, कोणाच्या रक्तातच विष भिने. रुग्णालयाच्या दालनांत अशी दुर्गंधी पसरलेली असे, की नवख्याला तेथे उभे राहणे कठीण जाई. नवल असे, की थोडा दाट पू येणे हे जखम बरी होण्याचे चांगले लक्षण आहे, असेही पुष्कळ वैद्य मानीत.

याचे कारण काय असावे? दूषित हवेमुळे जखमा सडतात, असा बहुतेकांचा समज होता. हवेला कोण अडविणार? म्हणून सारे हताश होऊन दैवाला दोष देत. आणि स्वतः शस्त्रवैद्य काय करीत? ते शस्त्रक्रियेसाठी एक जुना डगला वापरीत. रक्त व पू यांनी तो कडक झालेला असे. पण तो जितका मळका, तितका त्याचा धनी अनुभवी, अशी समजूत होती. टाके घालण्याचे दोरे त्याच डगल्याच्या काजात अडकवलेले असत. एका रोग्याची जखम ज्या स्पंजाने पुसली, त्यानेच दुसऱ्याची पुसत. हात धुवावयाचे ते काम आटोपल्यावर, आरंभी नव्हे. व्हिएन्ना येथील सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये हात धुण्याचे महत्त्व दाखवून दिले होते. पण त्यांच्या म्हणण्याकडे थोड्यांनीच लक्ष दिले.

शिक्षण पुरे झाल्यावर १८५३ मध्ये लिस्टर स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे गेले. तेथील प्रख्यात शस्त्रवैद्य जेम्स साइम यांच्या हाताखाली थोडे दिवस काम करावे, असा त्यांचा बेत होता. परंतु गुरू-शिष्यांचे असे सूत जुळले, की लिस्टर तेथेच राहिले. १८५६ मध्ये साइम यांची कन्या अ‍ॅग्नेस हिच्याशी त्यांचा विवाह झाला. अ‍ॅग्नेसबाई क्वेकर नसल्यामुळे या विवाहासाठी लिस्टर यांना तो पंथ सोडावा लागला. प्रवासात पतीबरोबर युरोपातील रुग्णालये पाहणाऱ्या आणि घरी परतल्यावर त्यांच्या प्रयोगांची टिपणे स्वतःच्या हाताने लिहून ठेवणाऱ्या अ‍ॅग्नेसबाई या त्यांच्या कार्याच्या खऱ्या भागीदार होत्या.

१८६० मध्ये लिस्टर यांची ग्लासगो विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि पुढील वर्षी तेथील रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयातील काही दालने त्यांच्याकडे आली. त्यांनी ती दालने स्वच्छ ठेवविली, मोकळी हवा खेळती ठेवली, पट्ट्या वरचेवर बदलविल्या. तरीही मृत्यूंचे प्रमाण घटेना. आपण कुशलतेने शस्त्रक्रिया करावी आणि आठवड्याने त्या रोग्याच्या प्रेतावर चादर ओढली जावी, हे दुःख त्या सहृदय माणसाला सहन होईना.

विचार करता करता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. हाड मोडले, पण कातडी फाटली नाही, तर ते हाड पू न होता सांधते. तेच हाड कातडी फाडून बाहेर आले, तर जखम सडते. दोन्ही ठिकाणी हाड तेच, मांस तेच, रक्त तेच. फरक आहे तो कातडीच्या आवरणाचा. म्हणजे सडण्याचे कारण शरीराच्या आत नसून ते फाटलेल्या कातडीवाटे बाहेरून आत येत असले पाहिजे. पण ते कारण कोणते?

१८६५ मध्ये ग्लासगोतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँडरसन यांनी लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लेखांकडे लिस्टर यांचे लक्ष वेधले. द्राक्षरस आंबतो, दूध नासते, मांसरस कुजतो, हे सारे नुसत्या हवेने होत नाही. हवेबरोबर येणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे होते, असे पाश्चर यांनी प्रयोगांनी सिद्ध केले होते. उकळलेला मांसरस वाकड्या, लांब मानेच्या काचपात्रात ठेवला, तर हवा आत जाते; पण धूळ व जंतू त्या मानेतच अडकतात आणि रस ताजाच राहतो. हे वाचताच लिस्टर यांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. मांसरस कुजविणारे जंतूच जखम सडवीत असतील, तर हवेला अडविण्याचे कारण नाही; जंतूंना अडविले म्हणजे पुरे. सूक्ष्मदर्शकाच्या सहवासात वाढलेल्या माणसाला न दिसणाऱ्या शत्रूवर विश्वास ठेवणे जड गेले नाही.

मांसरस उकळता येतो. माणसाची जखम कशी उकळणार? जंतू मारील, पण रोग्याला मारणार नाही, असे औषध हवे होते. इंग्लंडमधील कार्लाइल गावी सांडपाण्यात कार्बोलिक आम्ल मिसळल्यामुळे त्याची दुर्गंधी नाहीशी झाली आणि ते पाणी दिलेल्या कुरणांत चरणारी गुरेही रोगमुक्त राहिली, असे लिस्टर यांच्या वाचनात आले होते. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे हे आम्ल त्यांनी मागविले. त्याच वर्षी केलेल्या पहिल्या प्रयत्नास यश आले नाही. पण त्यांनी धीर सोडला नाही.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीज नावाचा मुलगा रुग्णालयात आणला गेला. त्याचे वय अकरा वर्षांचे, म्हणजे तुमच्याएवढेच. गाडीचे चाक त्याच्या डाव्या पायावरून गेले होते. गुडघ्याखाली हाड मोडले होते आणि तेथेच कातडी फाटून जखम झाली होती. रूढ पद्धतीने उपचार केले, तर पाय जाणार किंवा पायाबरोबर प्राणही जाणार, अशी भीती होती. लिस्टर यांच्या सूचनेप्रमाणे त्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजविलेली कापडी घडी ठेवण्यात आली. पायाला दोन्ही बाजूंनी फळ्यांचा आधार देऊन तो बांधला आणि पट्टी न सोडता चार दिवस वाट पाहिली.

ते चार दिवस लिस्टर यांना किती मोठे वाटले असतील, याची कल्पना करावी. जखम सडावयाची, तर या अवधीत सडावयास हवी होती. चौथ्या दिवशी पट्टी सोडली. दुर्गंधी आली नाही. पूही नव्हता. कडा किंचित लाल होत्या. पण ती लाली आम्लाच्या दाहामुळे आलेली होती. तेव्हा लिस्टर यांनी आम्ल पाण्यात आणि नंतर तेलात मिसळून सौम्य केले व त्याच्या पट्ट्या चालू ठेवल्या. दिवसामागून दिवस गेले. जखम हळूहळू भरून आली, हाड सांधले आणि सहा आठवड्यांनंतर तो मुलगा आपल्या दोन्ही पायांनी चालत घरी गेला. त्याच्यासारख्या किती मुलांचे पाय त्यापूर्वी कापले गेले असतील, याची गणती नाही.

एका यशाने हुरळून जाण्याचा लिस्टर यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी आणखी रोग्यांवर हीच रीत वापरली, प्रत्येकाची नोंद ठेवली आणि १८६७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपला अनुभव प्रसिद्ध केला. हाड बाहेर आलेल्या अकरा रोग्यांपैकी नऊ जण पूर्ण बरे झाले होते. एकाचा अवयव कापावा लागला होता आणि एक दगावला होता. अपयशाच्या नोंदीही त्यांनी दडविल्या नाहीत. अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियांचा हिशेबही त्यांनी पुढे मांडला. पूर्वी अशा ३५ रोग्यांपैकी १६ मरण पावले होते. नव्या पद्धतीनंतर ४० पैकी ६ मरण पावले.

त्याच वर्षी त्यांच्यावर कसोटीचा प्रसंग आला. त्यांची बहीण इझाबेला हिच्या छातीत घातक गाठ झाली होती. शस्त्रक्रिया मोठी आणि जखमही मोठी होणार, म्हणून इतरांनी हात टेकले. बहिणीच्या अंगाला भावानेच शस्त्र लावावयाचे, ही कल्पनाही क्लेशकारक. लिस्टर यांनी एडिंबरा येथे जाऊन साइम यांचा सल्ला घेतला आणि जूनमध्ये ग्लासगो येथे स्वतःच्या घरी ती शस्त्रक्रिया केली. जखमेची शुश्रूषा त्यांनी आपल्या पद्धतीने केली आणि ती पू न होता भरून आली. गाठीचा रोग पुढे पुन्हा उद्भवला. परंतु त्या शस्त्रक्रियेनंतर बहिणीला सुमारे तीन वर्षांचे आयुष्य लाभले.

जखम स्वच्छ राहिली, तरी टाक्यांचा प्रश्न उरलाच होता. कापलेल्या रक्तवाहिन्या बांधण्यासाठी शस्त्रवैद्य रेशमी किंवा तागाचा दोरा वापरीत आणि त्याची टोके जखमेबाहेर लोंबत ठेवीत. आत पू होऊन दोरा सुटला, म्हणजे तो ओढून काढावयाचा. यात आठवडे जात. कधी दोऱ्याबरोबर रक्तवाहिनीच फुटे आणि रोगी रक्तस्रावाने मरे. शिवाय लोंबणारा दोरा म्हणजे जंतूंना आत उतरण्यासाठी आयतीच शिडी. शरीरात ठेवून विसरून जाता येईल, आपले काम संपले म्हणजे आपोआप विरून जाईल, असा दोरा लिस्टर यांना हवा होता. मेंढीच्या आतड्यापासून केलेली तात त्यांनी कार्बोलिक आम्लात मुरवून घेतली. १८६८ च्या अखेरीस अप्टन येथे वडिलांच्या घरी एका वासरावर त्यांनी तिचा प्रयोग केला. महिन्याने पाहिले, तो तातीच्या जागी जिवंत मांसाचा पट्टा तयार झाला होता. आज शरीराच्या आत घातले जाणारे आणि आपोआप विरघळणारे टाके सर्वत्र वापरले जातात. त्यांचे धागे आता बहुधा कृत्रिम असतात. पण त्यांच्या मागची कल्पना लिस्टर यांच्या या तातीनेच रूढ केली.

१८६९ मध्ये ते साइम यांच्या जागी एडिंबरा येथे प्राध्यापक झाले. पाश्चर यांच्याप्रमाणेच त्यांनीही वाकड्या मानेच्या काचपात्रांत प्रयोग मांडले होते. ती पात्रे हिंदकळू नयेत, म्हणून ग्लासगोहून एडिंबरा येथे जाताना त्यांनी ती आगगाडीत मांडीवर घेऊन नेली, असे सांगतात. पट्टीसाठी त्यांनी किती प्रकार करून पाहिले! आधी खडूची पूड व जवसाचे तेल यांत आम्ल मिसळून, खिडकीच्या काचा बसविण्याच्या लुकणासारखा लगदा केला. मग औषधात भिजविलेल्या जाळीदार कापडाचे आठ पदर वापरले. १८७१ पासून हवेतील जंतू मारण्यासाठी शस्त्रक्रियेच्या जागी ते कार्बोलिक आम्लाचा फवारा उडवू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात बॅल्मोरल येथील राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीच्या काखेतील गळू त्यांनी कापले आणि आत साचणारा पू बाहेर यावा, म्हणून जखमेत रबराची नळी घातली. राणी बरी झाली.

परंतु त्यांच्या दृष्टीने राणी आणि गरीब रोगी यांच्या जखमांत भेद नव्हता. त्यांच्या दालनातील एका लहान मुलीची गोष्ट त्यांच्या शिष्याने लिहून ठेवली आहे. तिच्या गुडघ्याला गळू झाले होते. लिस्टर यांनी तिची पट्टी बदलताच तिने आपली बाहुली पुढे केली. बाहुलीचा एक पाय निखळला होता. मुलीने उशीखाली चाचपून तो तुटलेला पायही काढून दिला. लिस्टर यांनी गंभीरपणे बाहुलीची तपासणी केली, सुई-दोरा मागविला आणि भोवती शिष्यमंडळी उभी असताना, मोठ्या काळजीने टाके घालून तो पाय जोडून दिला. दोघांपैकी कोणीही एक शब्द बोलले नाही. पण मुलीच्या डोळ्यांत कृतज्ञता भरून आली होती.

लिस्टर यांचा मार्ग मात्र निष्कंटक नव्हता. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर विश्वास ठेवण्यास अनेक वैद्य तयार नव्हते. काहींनी त्यांची थट्टा केली. कार्बोलिक आम्ल पूर्वीही वापरात होते, त्यात नवे काय, असे काहींनी विचारले. काहींनी अर्धवट रीतीने प्रयोग केले आणि अपयश आल्यावर पद्धतीलाच दोष दिला. लिस्टर यांनी टीकेला कटू उत्तरे दिली नाहीत. ते आपले काम अधिक चोखपणे करीत राहिले. जर्मनी, डेन्मार्क, फ्रान्स या देशांतील शस्त्रवैद्यांनी त्यांची पद्धत स्वीकारली. लंडनमधील वैद्य मात्र शंकितच होते. म्हणून एडिंबरा येथील मानाचे स्थान सोडून १८७७ मध्ये लिस्टर लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले. ऑक्टोबरात त्यांनी एका रोग्याचा गुडघा उघडून, आतील दुभंगलेली वाटी चांदीच्या तारेने शिवली. निष्कारण गुडघा उघडणे म्हणजे रोग्याचा जीव धोक्यात घालणे, असे त्या काळी मानीत. पण जखम पू न होता बरी झाली आणि विरोधकांचा आवाज हळूहळू मावळला.

स्वतःची चूक दिसताच ती सोडून देण्याचे धैर्यही लिस्टर यांच्या अंगी होते. हवेतील जंतूंपेक्षा हात, हत्यारे, पट्ट्या व दोरे यांवरील जंतू अधिक घातक असतात, हे पुढे स्पष्ट झाले. तेव्हा १८९० मध्ये बर्लिन येथील परिषदेत, फवारा आपण सोडून दिला आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. जखमेत शिरलेले जंतू मारण्यापेक्षा त्यांना जखमेपर्यंत पोचूच देऊ नये, या विचाराने पुढील पिढीने हत्यारे व कापड वाफेने निर्जंतुक करण्याची रीत आणली. पाठोपाठ रबरी हातमोजे आले. आज जखमेवर कार्बोलिक आम्ल कोणी लावीत नाही. पण शस्त्रक्रियेपूर्वी हात धुणारा प्रत्येक डॉक्टर लिस्टर यांच्याच वाटेने चालत असतो.

मुलांनो, ही वाट आपल्यालाही चालावयाची आहे. टाके म्हणजे जखम भरणे नव्हे. टाके जखमेच्या दोन कडा जवळ धरून ठेवतात. भरण्याचे काम शरीर स्वतः करते. प्रथम रक्त गोठून फट बुजते. मग रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात आणि आत शिरलेले जंतू व मृत कण खाऊन टाकतात. त्यानंतर नवे तंतू विणले जातात आणि कातडीचे नवे पटल दोन्ही कडांकडून सरकत येऊन मिळते. हे विणकाम चालू असताना त्यात व्यत्यय आणू नये, हेच टाक्यांची काळजी घेणे होय. जखम पहिले एक-दोन दिवस कोरडी ठेवावी. पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती धुवावी व अलगद टिपून कोरडी करावी. हात साबणाने धुतल्याशिवाय पट्टीला स्पर्श करू नये. जखम भरू लागली, म्हणजे खाज सुटते. तरी खाजवू नये, खपली उचकटू नये आणि टाके ओढू नयेत. राख, माती किंवा घरातील पूड तिच्यावर टाकू नये. ज्या अवयवाला टाके पडले असतील, त्याला ताण बसेल असे धावणे-खेळणे काही दिवस सोडावे. चेहऱ्यावरील टाके साधारणतः पाच दिवसांनी, डोक्यावरील सात ते दहा आणि हातापायांवरील दहा ते चौदा दिवसांनी काढतात. ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावेत. टाके निघाले, तरी नवी कातडी काही आठवडे नाजूकच असते. जखमेभोवती लाली पसरू लागली, सूज व ठणका वाढला, पू आला किंवा ताप भरला, तर घरात न लपविता लगेच डॉक्टरांना दाखवावे. ज्या लक्षणांपुढे एके काळी मोठमोठे वैद्य हतबल होत, त्यांवर आज उपचार आहेत. पण ते वेळेवर व्हावयास हवेत.

लिस्टर यांना हयातीतच मोठा सन्मान मिळाला. १८९२ मध्ये पॅरिस येथे पाश्चर यांचा सत्तरावा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा लिस्टर तेथे गेले आणि ज्यांच्या लेखांनी आपल्याला वाट दाखविली, त्या शास्त्रज्ञापुढे त्यांनी भर सभेत कृतज्ञता व्यक्त केली. पुढच्याच वर्षी इटलीत अ‍ॅग्नेसबाईंचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. प्रयोगांच्या टिपणवह्यांत ज्यांचे अक्षर पानोपानी होते, त्या सहचारिणीच्या वियोगाने लिस्टर एकाकी झाले. १८९५ ते १९०० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८९७ मध्ये त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली. १९०२ मध्ये राज्याभिषेकाच्या तोंडावर सातवा एडवर्ड राजा पोटातील गळवाने आजारी पडला. शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यांनी वृद्ध लिस्टर यांचा सल्ला घेतला. राजा बरा झाला आणि ऑगस्टमध्ये राज्याभिषेकही झाला.

१० फेब्रुवारी १९१२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, वॉल्मर या समुद्रकाठच्या गावी लिस्टर यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या मंदिरात इंग्लंडच्या थोर पुरुषांच्या समाध्या आहेत. तेथे त्यांच्यासाठी अंत्यप्रार्थना झाली. पण त्यांचा देह, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, लंडनमधील एका साध्या दफनभूमीत अ‍ॅग्नेसबाईंच्या शेजारी विसावला.

युद्धे जिंकणाऱ्यांची नावे इतिहासात ठळक अक्षरांत लिहिली जातात. लिस्टर यांनीही एक युद्ध जिंकले. पण ते रक्त सांडण्यासाठी नव्हे, तर सांडणारे रक्त थांबविण्यासाठी. त्यांचा विजय जगातील असंख्य माणसांच्या अंगावर, भरून आलेल्या जखमांच्या पुसट रेघांनी लिहिलेला आहे.